काकांची अर्धी छत्री

कुत्र्याच्या छत्र्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या पार्ल्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. काकांकडे अळंब्यांची फार जुनी, जलरंगातली चित्रं आहेत. कुण्या अनाम चित्रकाराची, रद्दीच्या दुकानात सापडलेली. घरातला एकुलता एक एसी या चित्रांच्या खोलीत चालतो आणि मावशी-काका हॉलमध्ये पंख्याखाली झोपतात. चित्रं बघायची तर आधी साबणाने हात धुऊन, कोरडे करून काकांना दाखवावे लागतात. माझ्या साखरपुड्याला त्यांनी माझ्या सासऱ्यांचेही हात तपासले होते. फोटो काढले असते की, असं कुणी म्हटलं तर काका न चिडता समजावतात. अळंबी वाळली की रंग जातो, मग साऱ्या सारख्याच तपकिरी. ताजेपणी ती वरून, खालून आणि उभी चिरल्यावर कशी दिसत होती, ते सगळं एका कागदावर सांगतं ते चित्रच.

त्यातल्या एका चित्राने मात्र काकांची झोप उडवली होती. जांभळट छत्री, डावी बाजू रंगवलेली, उजवी नुसती पेन्सिलची रेघ. मावशीच्या मते चित्रकाराला बायकोने जेवायला हाक मारली असणार. तशीच अळंबी शोधून चित्र पुरं करायचं, एवढाच काकांचा ध्यास. त्यापायी त्यांनी आरेची झाडी पालथी घातली आणि गुडघे दुखवून घेतले.

गेल्या श्रावणात ती सापडली, तीही सोसायटीतच, तोडलेल्या आंब्याच्या खोडाशी. काकांनी झाडूवाल्याला परत पाठवलं, मावशीच्या साडीचा आडोसा केला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं चित्र खाली आणलं. ब्रश ओला केला आणि हात तिथेच थांबला.

"अहो, रंगवा ना," मावशी म्हणाली. "दुपारपर्यंत मान टाकेल ती."

"त्या चित्रकाराचं आहे गं हे. त्याच्या कागदावर मी कसा हात घालू?"

मग काकांनी कोरा कागद घेतला आणि त्यावर फक्त उजवी बाजू रंगवली. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर छत्री पूर्ण झाली. काकांची रेघ जरा थरथरलेली, जांभळा अंमळ गडद. रंग थोडा चुकला का, असं मी हळूच विचारलं.

काकांनी दोन्ही कागद आणखी जवळ सरकवले. "चुकला रे," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं तो बिचारा एकटाच बसला होता."

मावशीने काकांच्या गुडघ्यांना लागलेला चिखल पुसला.