रिकामी फिरवायची गिरणी

मालकांनी डब्यातलं मूठभर पीठ उचललं आणि माझ्या तोंडावर फेकलं.

"बी.कॉम. झाला म्हणं! साधं पीठ दळता येईना याला!"

दळणाला आलेल्या बायका उभ्या होत्या. एकजण म्हणाली, "राहू द्या ना मालक, आज तरी जरा उजळ दिसून राह्यला." सगळ्या हसल्या. डोळ्यांत पीठ गेलं होतं. मी डोळे चोळले नाहीत. चोळले असते तर रडतोय असं वाटलं असतं.

हसनाबादच्या पलीकडे आमचं गाव. दुष्काळ नुकताच सरला होता. बौद्धवाड्यातला पहिला पदवीधर मी. जालन्याला वसतिगृहात राहून शिकलो, परत आलो, अर्ज करत राहिलो. नोकरी लागली नाही. गावातल्या डिझेलच्या गिरणीवर मालकांनी मला ठेवलं. माय म्हणाली, "त्यायचे उपकार हायेत, बाळा. मान खाली घालून ऱ्हाय." मी राहिलो. मला खरोखरच उपकार वाटत होते. पहिल्या पगाराच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो होतो.

पण मालकांचं रोजचं एकच. पीठ जाडं येतं. डिझेल फार जळतं. "तुझ्या हाताला बरकतच न्हाई."

मला स्वतःची गिरणी टाकायची होती. भोकरदनच्या बँकेत साहेबांना भेटलो. त्यांनी बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "तुम्हाला हे काम जमतं का, ते मालकांना विचारून घेतो." मालकांनी सांगितलं, "पोरगं गरीब हाय, पण कामाचं न्हाई. डिझेल खातं." कर्ज तिथंच अडकलं. माझं काम कसं आहे हे सांगणारं गावात एकच तोंड होतं. आणि मीही त्याच तोंडावर विश्वास ठेवत होतो.

कॉलेजात वाणिज्याचे सर सांगायचे, धंदा जितका छोटा तितकं मोजणं गरजेचं. मोठ्याचा तोटा कुठंतरी झाकला जातो. छोट्याला तोच तोटा बुडवतो. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते. गिरणीत मात्र कधी काही मोजलं नव्हतं. आता मोजू लागलो. सोललेली तुराटी, तुरीची वाळकी काडी, डिझेलच्या टाकीत सकाळी बुडवायची, संध्याकाळी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं. दिवसभरात धान्य किती दळलं ते ध्यानात ठेवायचं. प्रत्येक दळणाचं पीठ चिमटीत घेऊन चोळायचं.

गिरणीची एक रीत होती. दळण झालं की थोडं पीठ दगडांत अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात पडतं. सगळ्यांचंच पडतं. पण दळण आमच्या वाड्यातलं असलं, तर ते पुढच्या बाईच्या पिठात जाऊ नये म्हणून गिरणी रिकामी फिरवायची. बराच वेळ. दगडावर दगड. माझ्या मायचं दळण झालं तरी रिकामी फिरवायची. फिरवणारा मीच.

महिनाभर मोजल्यावर कळलं. आमच्या वाड्यातली दळणं ज्या दिवशी जास्त, त्या दिवशी धान्य कमी आणि डिझेल जास्त. दगडांना छिन्नीनं खाचा पाडून धार आणायची, ती रिकामं घासून निम्म्या दिवसांत मरायची. म्हणून पीठ जाडं. म्हणून पिठात कच. दोष माझ्या हाताचा नव्हता. डिझेल ती रीत खात होती.

मला वेड्यासारखा आनंद झाला. वाटलं, मालकांच्या फायद्याचंच सांगतोय. खूश होतील, बँकेत चांगलं बोलतील. दुपारी इंजिन बंद होतं तेव्हा सगळं सांगितलं. मालक पान लावत होते.

"म्हाईत हाय मला."

"मंग?"

"मंग काय? डिझेल माझं जळून राह्यलं ना? जळू दे. रीत न्हाई मोडायची."

"मंग बँकेत माझं नाव का सांगितलं, मालक?"

"मंग काय रीतीचं नाव सांगू?" तो हसला.

तोटा त्याला माहीत होता. परवडतही होता, कारण तो माझ्या नावावर ढकलता येत होता. माझं काम जोवर हा ठरवणार, तोवर मी नालायकच राहणार होतो.

दुसऱ्या दिवशी माय ज्वारी घेऊन आली. तिच्यामागे मला उजळ म्हणून हसणारी ती बाई, तिचीही ज्वारीच. मायचं दळून झालं. मी त्या बाईचा डबा उचलला आणि सरळ ओतायला घेतला.

"ए, आधी रिकामी फिरव की!"

"न्हाई फिरवणार, काकू. त्यानंच तुमचं पीठ जाडं येतं."

मालक उठून आला. "फिरव."

"न्हाई."

मायनं माझा हात धरला. "लेकरू हाय, मालक. चुकलं त्याचं."

"न्हाई चुकलं, माय. मोजलंय मी."

त्यानं इंजिन बंद केलं. "नीघ. आसपासच्या एकाबी गिरणीवर तुला उभा राहू देणार न्हाई."

त्यानं शब्द पाळला. कोणी ठेवलं नाही. आता मी लोकांच्या रानात निंदायला जातो. परवा माय म्हणाली, "मी मालकाकडं गेल्ते. तू येऊन पाया पड, मंग समदं माफ करतो, म्हणला."

"पडणार न्हाई," मी म्हणालो. ती चुलीकडे तोंड करून बसली.

बँकेतले साहेब सभ्य आहेत. म्हणतात, "मालकांचा एक शब्द आणा, बघू." मी त्यांना सांगितलं, शब्द आणणार नाही. कुठल्याही गिरणीवर मला उभं करा. धान्य द्या, डिझेल द्या, आणि शेजारी उभं राहून मोजा. ते हो म्हणाले नाहीत. मी पुन्हा जाणार आहे. पुन्हा हेच सांगणार आहे.

कर्ज मिळेल, न मिळेल. पण माझ्या कामाला ज्याला वाईट म्हणायचं असेल, त्यानं माप घेऊन समोर यावं. मापाशिवाय कोणाचंही ऐकून घेणार नाही. मालकाचं नाही. साहेबाचं नाही. उपकाराचं तर नाहीच.