एका बाईचे तीन जबाब

ती घटना आजही आठवते, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ कधीच आठवत नाही. मधूनच कुठून तरी सुरू होते. पोलीस खात्याच्या नोकरीत असताना एखाद्या साक्षीदाराने मला असं सांगितलं असतं, तर मी त्याच्यावर खेकसलो असतो.

वरूडकडच्या एका संत्र्याच्या शेडमध्ये, दुपारच्या जेवणाच्या सुटीत, वजनकाट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्याचा खून झाला. डोक्यात लोखंडी पहार घातली होती. मजूर बायका बाहेर झाडाखाली डबे उघडून बसल्या होत्या. त्यांच्यात एक नव्हती. फळं निवडायच्या कामावरची, चाळिशीची बाई. आम्ही पोहोचलो तेव्हा ती शेडमागच्या नळावर हात धूत होती. अर्ध्या तासापासून धुतेच आहे, असं बाकीच्यांनी सांगितलं.

संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. या बाईचा सख्खा भाऊ त्याच शेडमध्ये हमाल होता आणि आदल्या दिवशी त्याचं म्हाताऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. खबऱ्या जुना, खात्रीचा. मी भावाला उचललं, अटक दाखवली, पोलीस कोठडी घेतली आणि नंतर त्याची रवानगी तुरुंगात झाली. गुन्हा उघडकीला आला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली.

अडचण एकच होती, बहिणीचे जबाब. पहिल्या जबाबात ती म्हणाली, "मी झाडाखाली होती, तिथून दिसलं." दुसऱ्यात नळावर होती. तिसऱ्यात तर, "मी घरी गेल्ती." घरून शेडमधलं कसं दिसलं, असं विचारलं तर ती पदराला हात पुसत बसली. एकदा मधेच हसली. मी टेबलावर हात आपटला.

"कावून हासून राहिली?"

"मले नाई मालूम, सायेब."

मारणारा कोण, तर मध्यम उंचीचा, तोंडाला दुपट्टा बांधलेला, पहार डाव्या हातात धरलेला माणूस. भावाला वाचवायला तिने एक अनोळखी माणूस उभा केला, असं मी धरून चाललो. पण मनात कुठेतरी खुपत होतं. भावाला वाचवायचं तर बाई एकच गोष्ट पाठ करून आली असती. इतकं कच्चं खोटं कोण बोलतं? आणि खरं माहीत असेल, तर सख्खा भाऊ आत असताना ही गप्प का? तीस वर्षं खोटं बोलणारी माणसं पाहिली होती, पण या बाईपुढे माझी मती गुंग झाली.

ठाण्यातल्या महिला हवालदार म्हणाल्या, "साहेब, मी तिच्या घरी जाऊन आले. पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. हिला दवाखान्यात दाखवू."

"आपण खून तपासतोय की आरोग्य शिबिर भरवतोय?" मी म्हणालो. तरी पाठवलं. खरं सांगायचं तर, तिथे कोणी गोड बोलून तिच्याकडून काढून घेईल, हा माझा स्वार्थ होता.

अमरावतीच्या दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे तिच्या चार खेपा झाल्यावर मी स्वतः गेलो. बाईंनी चहा दिला, माहिती काही दिली नाही.

"ती काय बोलली ते तिचं आहे, साहेब."

"मग इथे चालतं काय?"

"सध्या एवढंच, की भीती दाटून आली की पाय जमिनीला टेकवायचे, आजूबाजूला काय दिसतं ते बघायचं. संत्र्याचा वास आला की ती आजच्या दिवसात राहत नाही, त्या दुपारी जाते. आधी तिला परत यायचा रस्ता सापडू द्या." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही तिला पहिला प्रश्न कोणता विचारता?"

"तू कुठे होतीस, हाच. सगळ्यांना तोच विचारतो."

त्यांनी माझा रिकामा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला. मी मनातल्या मनात चरफडत परत आलो. नुसतं बोलून आणि पाय टेकवून कुठे दुखणं जातं?

ठाण्यात येऊन तिन्ही जबाब शेजारीशेजारी मांडले. इतके दिवस मी लाल पेन्सिलीने तफावत शोधत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा न बदललेलं वाचलं. उंची तीच, दुपट्टा तोच, डावा हात तोच. दर वेळी फक्त तिची स्वतःची जागा बदलत होती. आणि भाऊ? त्याने माझ्यासमोर दहा कागदांवर उजव्या हाताने सह्या केल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मीच दिली होती.

पण एवढ्यावर खरा माणूस सापडत नव्हता. दोनेक आठवड्यांनी बहीण आपणहून ठाण्यात आली.

"लिहून घ्या, सायेब. पन मी सांगन तसं. पयल्यापासून नका इचारू."

जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने माझ्याकडे बघितलं. मी लिही म्हणालो.

"काट्यावरच्या बाबायनं मले हाक मारली. 'पोरी, ये' म्हने. दोनदा. मी संत्र्याच्या कॅरेटच्या थप्पीमांगं होती, आठ पावलावर. मी गेली नाई." तिने चपला काढल्या, पाय फरशीवर टेकवले, खिडकीकडे बघत राहिली. आम्ही थांबलो. मग म्हणाली, "मारनारा त्यायच्यावर वरडला. आवाज शेडचा माल नेनाऱ्या ट्रकवाल्याचा होता."

आवाज ओळखला हे सांगायचं, तर आपण जवळ होतो हेही सांगावं लागलं असतं. तेच तिला पेलत नव्हतं.

पुढचं काम सोपं होतं. ट्रकवाला डावखुरा निघाला. तो संत्र्यांनी भरलेले कॅरेट गायब करत होता आणि म्हाताऱ्याने त्याला पकडलं होतं. ट्रकमध्ये रक्ताचे डाग पडलेला दुपट्टा मिळाला. कोर्टात आरोपीच्या वकिलाने तिचे तिन्ही जबाब फडकावले. ती म्हणाली, "मी कुठं उभी होती ते बदलवलं, वकीलसायेब. मारनारा नाई बदलवला." ट्रकवाल्याला शिक्षा झाली. बाई पुन्हा संत्री निवडायला जाते. काही दिवस जमत नाही, तेव्हा घरी बसते.

नुसत्या बोलण्याने माणूस कसा सावरतो, ते मला अजूनही नीट उलगडलेलं नाही. डोळ्यांनी पाहिलं म्हणून मानतो. साक्षीदार गोंधळलेला असला की तो लबाडच, हा हिशेब मात्र मी त्यानंतर सोडून दिला.

भाऊ सुटल्यावर माफी मागायला मी त्याच्या घरी गेलो. जीप दारात थांबली आणि तो मागच्या दाराने निघून गेला. बहीण म्हणाली, "गाडीचा आवाज आला का तो असाच जाते. रातभर बसून रायते. त्याले बी न्या त्या म्याडमकडं." हे दुखणं ट्रकवाल्याने दिलं नव्हतं. ते माझ्या सहीने दिलं होतं.

मी रजा टाकली आणि साध्या कपड्यात गेलो. माझ्या कुठल्याच गाडीत तो बसेना, म्हणून आम्ही एस.टी.ने अमरावतीला गेलो. वाटेत तो माझ्यापासून दोन सीटा पुढे बसला. समुपदेशक बाईंकडे तो आत तासभर बसला, मी बाहेर बाकावर.

बाहेर आल्यावर म्हणाला, "पुढच्या येळी मी एकटा येतो, सायेब. तुमी संग असले तं मले श्वास घेता येत नाई."

मी बरं म्हणालो. त्याला पहिल्या एस.टी.त बसवलं आणि मी त्यामागच्या एस.टी.ने आलो.