काचेची बरणी

गल्लीत तिला सगळे निळीकाकू म्हणायचे. हात कोपरापर्यंत निळे, नखं तर कायमची. "काकू, दौत प्यायलात की काय?" असं कुणी छेडलं की ती म्हणायची, "प्यायले असते तर तुझ्या तोंडावर चूळ टाकून तुलाही रंगवलं असतं. फुकटात!"

नवरा गेला आणि रंगाची भट्टी तिच्या गळ्यात पडली. मदतीला धाकटा दीर. खोलीत रंगाचा हंडा, शेजारी धुण्याचा हौद, हौदाला लाकडी बूच. बूच काढलं की पाणी मोरीतून थेट मागच्या नाल्यात. शाळेच्या गणवेशाचं निळं कापड हेच काम. लेकही त्याच शाळेत, आईने रंगवलेल्या स्कर्टमध्ये.

यंदा विज्ञानाच्या बाईंनी मुलींना प्रकल्प दिला, 'आपला नाला'. ठिकठिकाणचं पाणी भरायचं, त्यात पांढरी चिंधी भिजत ठेवायची आणि रंग चढतो का ते बघायचं.

"आई, बरण्या हव्यात. झाकणाच्या."

"बरण्याच ना? माझ्याकडे ढिगाने पडल्यात." काकूने रंगाच्या भुकटीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरण्या काढल्या. सोडा घालून, कढत पाण्याने, काथ्याने घासघासून धुतल्या. उन्हात पालथ्या घातल्या. "घे. त्यात दूधसुद्धा ठेवशील!"

प्लास्टिक रंग पितं आणि मग सावकाश सोडत बसतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रंगाऱ्याच्या घरात स्वच्छ म्हणजे डोळ्यांना स्वच्छ. आणि लेक प्रथमच आईच्या भट्टीतलं काही शाळेत नेत होती. त्या आनंदात ती विसरली.

प्रदर्शनाच्या दिवशी काकू नवी साडी नेसून, हात पदराखाली लपवून गेली. टेबलावर बरण्यांची रांग. पुलाखालची चिंधी निळी. भट्टीखालची निळी. आणि भट्टीच्या वरच्या अंगाला, जिथे नाला डोंगरातून उतरतो, तिथलीही निळीच. बाई पाहुण्या साहेबांना सांगत होत्या, "सर, अख्खा नाला रंगलाय. मुलींनी सिद्ध केलं."

साहेब प्रदूषणाच्या कचेरीतले. त्यांनी मान हलवली. "नाल्यावर रंगाची भट्टी एकच ना? बंदच करावी लागेल मग."

काकू टेबलाजवळ सरकली. वरच्या पाण्यात तिचा रंग चढून जाईल कसा? तिने बरणी उचलली, झाकणाच्या आट्यांतून बोट फिरवलं. बोटावरचा जुना निळा आणि तो निळा, सख्खे भाऊ.

लेक समोरच उभी होती, छातीवर बिल्ला लावून, सगळ्या वर्गासमोर. बोललं तर पोरीचं हसं. गप्प बसलं तर चूल विझणार.

"साहेब," काकू म्हणाली, "बरण्या माझ्या आहेत. रंगाच्या. रंग पाण्याचा नाही, बरण्यांचा आहे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. लेकीचे कान लाल झाले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग परत भरा पाणी. काचेच्या बरण्यांत. गुरुवारी. नंतर ठरवू."

घरी दीर नाचायचाच बाकी होता. "वहिनी, सुटलो! गुरुवारी भट्टी बंद ठेवू. नाला कसा आरशासारखा! भरा म्हणावं काय भरायचं ते."

"हळू बोला, भावजी."

"हळू कशाला? आपण काय चोर आहोत?"

काकूने पडद्याकडे बोट केलं. पडद्याआड लेक दप्तर भरत होती. ती जेवायलाही आली नाही.

"रुसलीस?" काकूने विचारलं.

"तू वर्गासमोर बोललीस."

"खोटं बोलले का?"

"नाही." पोरीने पांघरूण डोक्यावर ओढलं. "अर्धंच बोललीस."

बुधवारी दुपारी हंड्यातलं कापड रंग पिऊन तयार झालं. दोघांनी ते उचलून हौदात टाकलं, ढवळलं. आता हे पाणी सोडायचं आणि लगेच ताजं भरायचं. थांबलं तर सुटलेला रंग परत कापडावर बसतो, चट्टे पडतात. काकू बुचाला हात घालणार, एवढ्यात खाली नाल्यात, मोरीच्या तोंडाशी बोलणं ऐकू आलं.

तिने खिडकीतून पाहिलं. बाई, चार मुली, आणि गुडघाभर पाण्यात तिची लेक. हातात काचेची बरणी.

"आज? आज तर बुधवार!" दीर ओरडला. "वहिनी... कुणी सांगितलं यांना?"

सांगायला होतंच कोण?

"बूच काढू नका, वहिनी. पाया पडतो. जातील त्या पाच मिनिटांत."

"कापड बघा, भावजी. पाच मिनिटं थांबतंय का ते?"

"जाऊ दे कापड!"

"कापड गेलं तर शाळा दुसऱ्याकडे जाईल. रंग नाल्यात गेला तर साहेब टाळं लावतील." ती हसली, हसू कसलं, नुसता श्वास. "विहीर की आड, तुम्हीच सांगा."

दीर भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

खाली लेकीने मान वर केली. दोघींची नजर मिळाली. पोरीचा चेहरा रागाचा नव्हता. ओठ दाबून धरले होते आणि बरणी छातीशी.

"आई," ती म्हणाली, "नको वाटत असेल तर... मी भट्टीच्या वरचं पाणी भरते."

बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

काकूला हवं ते त्या एका वाक्यात होतं. नुसतं हो म्हणायचं. पोर आईसाठी बरणीवर 'भट्टीखालचं' अशी खोटी चिठ्ठी चिकटवणार, आणि मग जन्मभर तो डाग काढायला ना सोडा पुरणार, ना काथ्या.

"बरणी दोन्ही हातांनी धर," काकू म्हणाली. "आणि मोरीच्या अगदी तोंडाशी. परत कुणी काच की प्लास्टिक करत बसायला नको."

तिने बूच उपटलं.

पाणी धो धो गेलं. काकूने खिडकीकडे पाहिलं नाही. नळ सोडला, कापड धुतलं, पुन्हा धुतलं, पाणी पांढरं निघेपर्यंत. मग दिराबरोबर पिळून उजेडात ताणून धरलं.

"आलंय कसं?" तिने विचारलं.

दीर कापडाआड होता. "एकसारखं," तो म्हणाला. "एक चट्टा नाही, वहिनी."

"वाळत घाला," ती म्हणाली, आणि हंड्याखालचा जाळ बाहेर ओढून त्यावर पाणी ओतलं.