उठलेल्या गावाची गल्ली

टपालाच्या जुन्या नोंदींत मला एक गाव सापडलं होतं. नकाशात ते नव्हतं. लाखांदूरच्या एसटीत कंडक्टरला विचारलं, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "माझं सासर होतं ते. मी आता तिथंच चालली. धानाच्या रोवणीआधी मातामायले नारळ द्या लागते. चाला संगं."

तिथे नुसतं गवत होतं, आणि पलीकडे चिंचेखाली शेंदूर लावलेला दगड. मी सरळ चिंचेकडे निघालो. म्हातारी मात्र वळणं घेत चालली होती. एका जागी तर तिने डोक्यावर पदर ओढला.

"आजी, सरळ का नाही येत?"

ती थांबली. "लोकाईच्या घरातून कसं जाऊ, बापू?"

मी चपला घालून कुणाच्या तरी घरात उभा होतो. मी चपला काढल्या, मागे फिरलो आणि गल्लीने गेलो.