करंजपाड्याचा परत आलेला प्रस्ताव

सुरगाण्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावरच असल्यामुळे तालुक्यातले अर्ज आधी माझ्या हाताखालून जातात आणि मग साहेबांच्या. कुठला प्रस्ताव मंजूर होणार आणि कुठला धूळ खाणार, हे मला साहेबांच्या आधी कळतं, असा माझा समज होता. तो समज चांगुणाबाईने मोडला.

चांगुणाबाई करंजपाड्याची. अडतीस घरांचा पाडा. जीपने तासभर आणि पुढे चढ चढून अर्धा तास. पाणी समितीत निम्म्या बायका पाहिजेत असा नियम, म्हणून पाड्यातल्या पुरुषांनी हिला अध्यक्ष केलं. बाई सातवी शिकलेली, मितभाषी. सांगू तिथे सही करील आणि गप्प बसेल, असं त्यांना वाटलं. माणसं ओळखण्यात आपले लोक किती हुशार, हे यावरून दिसतं.

पहिल्याच दिवशी तिने माझ्या दुकानातलं एकुलतं एक स्टूल अडवलं. ग्रामसभेचा ठराव, नकाशा, अंदाजपत्रक, एकेक कागद बोट ठेवून वाचू लागली. मागे सहा गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी वैतागून म्हणालो, "बाई, कॉपी काढायचीय, परीक्षा द्यायची नाहीय."

ती मान वर न करता म्हणाली, "लियाकतभाऊ, सही माझी हाय. काय लिवलंय ते मला नको कळाया?"

आणि तिला चूक सापडली. नकाशात विहिरीची जागा ओहोळाच्या पलीकडे, दुसऱ्याच पाड्याच्या हद्दीत दाखवली होती. तेवढ्यावरून अख्खा प्रस्ताव अडकला असता. त्या दिवसापासून ती आली की मी स्टूल स्वतःच पुसून देऊ लागलो.

मागणी साधी होती. ओहोळाजवळ विहीर, वर टाकी आणि घरोघर नळ. तोवर पाड्याला आधार होता तो दरीतल्या झिऱ्याचा. खडकाच्या फटीतून पाणी पाझरायचं, ते वाटीने उपसून हंड्यात भरायचं. उन्हाळ्यात बायकांचा अर्धा दिवस त्या खडकापाशी नंबर लावण्यात जायचा. मोठ्या पोरींची शाळा मार्चमध्ये सुटायची, ती पावसाळ्यातच भरायची. चांगुणाबाईची धाकटी पोरही त्यातच होती. म्हणून तर ती इतकी चिकटली होती.

फेब्रुवारीत प्रस्ताव गेला. मार्चमध्ये स्थळपाहणीला साहेब येणार असा निरोप आला. आणि इथे करंजपाड्याने जो घोळ घातला, तो तेच घालू जाणोत.

पाड्यावर पहिल्यांदाच एवढा मोठा साहेब येणार होता. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग नाव विचारायचं, अशी तिथली रीत. पाहुणा आणि हंडा रिकामा, याहून मोठी नामुष्की त्यांना ठाऊक नाही. मग काय, चार दिवस कुणी अंघोळ केली नाही, धुणी धुतली नाहीत. शेरडं लांबच्या नदीवर नेऊन पाजून आणली. बायका पाळीपाळीने झिऱ्यावर बसल्या. साहेब आले तेव्हा अंगणं शेणाने सारवलेली आणि अडतीस दारांत अडतीस भरलेले हंडे, वर घासून लखलखीत केलेलं झाकण. साहेब प्रत्येक घरी घोटभर पाणी प्यायले, नागलीची भाकरी खाऊन खूश झाले आणि गेले.

पंधरा दिवसांत प्रस्ताव परत आला. 'पाहणीवेळी घरोघरी पुरेसा पाणीसाठा आढळला. सबब टंचाईचे कारण सिद्ध होत नाही.'

मी कपाळावर हात मारला. खरं सांगतो, मी चांगुणाबाईवर ओरडलोही. "पाणी मागायला बसलात आणि साहेबाला पाणीच पाणी दाखवलंत? एवढे कागद वाचणारी बाई तू, हे तुला सुचलं नाही?"

तिने ते पत्र दोनदा वाचलं. तिचे डोळे भरले, पण आवाज कापला नाही. "चूक झाली भाऊ. आता फेरपाहणीचा अर्ज लिवा."

मेअखेर तालुक्याची यादी नाशिकला जाणार होती. त्यात नाव नसलं की पुढचं वर्ष. म्हणजे आणखी एक उन्हाळा, पोरीची आणखी एक बुडालेली शाळा. अर्ज गेला. चांगुणाबाईने पोरीचीच एक वही घेतली आणि झिऱ्यावर रोज एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते लिहू लागली. एप्रिलच्या सुरुवातीला एकतीस मिनिटं. मे उजाडेपर्यंत पंचेचाळीस. त्यापुढे आकडा वाढतच गेला.

फेरपाहणीला फोटो लागणार होते, म्हणून मला सोबत नेलं. चांगुणाबाईच्या घरात भांडण पेटलंय हे मला तिथे गेल्यावर कळलं. तिची सासू गोजराबाई सत्तरीची, पाड्यातली सगळ्यांत मानाची म्हातारी. ती अडून बसली होती.

"पाव्हना दारात आन् त्याला पाणी नाय म्हनायचं? माझ्या जल्मात झालं नाय. नको तुमची ती हीर."

चांगुणाबाई तिच्यासमोर खाली बसली. "आई, त्या दिशी आपुन चांगलंच वागलो. पन साहेबाला खरं कळलं नाय. कुनीतरी सांगाया पायजे. मी सांगते. तू आत बस."

म्हातारीने काठी जवळ ओढली. पण आत गेली नाही.

साहेब आले ते अकराच्या उन्हात, घामाघूम. अंगणात भांडी कोरडी. त्यांनी चार घरं पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते सरळ म्हणाले, "मागच्या वेळी घरोघर पाणी होतं. आज एकदम कुठे गेलं? पाहणी आहे म्हणून हंडे लपवलेत का?"

मला तर वाटलं, संपलं. आता खरं सांगितलं तरी ते खोटंच वाटणार. चांगुणाबाईने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गोजराबाई काठी टेकत पुढे आली. साहेबांच्या अगदी समोर उभी राहिली.

"साहेब, आज नाय लपिवलं. लपिवलं ते त्या दिशी. चार दिस ह्या बाया उन्हात बसल्या, तवा तुमच्यापुरतं पाणी झालं. आमी आमची तहान लपिवली." तिने काठी दोन्ही हातांनी धरली. "आज माझ्या घरात पाव्हन्याला द्यायाला पाणी नाय."

एवढं वाक्य बोलायला त्या म्हातारीला किती जड गेलं असेल, हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. माझा फोन हातातच राहिला, फोटो काढायचं सुचलं नाही. बाहेर उभ्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

साहेबांनी टोपी काढली. "चला आजी, झिरा दाखवा," म्हणाले. म्हातारीऐवजी चांगुणाबाई त्यांना दरीत घेऊन गेली, मी मागे. साहेबांनी स्वतः फोनवर घड्याळ लावलं आणि दगडावर बसले. हंडा भरायला त्रेपन्न मिनिटं लागली. चांगुणाबाईने वही पुढे केली. आदल्या दिवसाचा आकडा बावन्न होता. साहेबांनी सगळी पानं उलटली आणि प्रत्येक पानाचा फोटो घेतला. मग भरलेला हंडा उचलून पाहिला आणि चढाकडे बघत हळूच खाली ठेवला. तो फोटो मात्र मी काढला. प्रस्तावाला जोडला नाही, पण माझ्याकडे आहे.

मे महिन्याच्या यादीत करंजपाड्याचं नाव लागलं. पावसाळ्यानंतर मंजुरीचं पत्र आलं. ते घेऊन चांगुणाबाई दुकानात आली, स्टुलावर बसली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "अडतीस कॉप्या काढा."

"अडतीस कशाला? फाइलला एक पुरते."

"आमच्या पाड्याला सरकारनं लिवून दिलेला हा पयलाच चांगला कागद हाय, भाऊ. घरोघर ऱ्हाऊ द्या."

मी कागदाचं नवं पुडकं फोडलं. सांगायला लाज कसली, कॉप्या काढताना ऊर माझाच भरून आला होता. जसं काही पत्र माझ्या घरी आलंय. अडतीस मोजून दिल्या. तिने मूळ पत्र परत माझ्यापुढे सरकवलं.

"ह्याला प्लॅस्टिक लावा. हे आईचं."

मी चेष्टेने म्हणालो, "आजीला कुठे वाचता येतंय?"

"वाचता येत नाय," चांगुणाबाई म्हणाली, "पन मिळवलं तिनंच."