वरचं खाणं

"दहावीपर्यंत शाळेत होतीस ना? मग वाच. मोठ्याने वाच."

डॉक्टर मला भिंतीवरचा कागद दाखवत होता. तालुक्याच्या दवाखान्यात, सुकलेल्या पोरांच्या वॉर्डात. त्याच्यामागं पांढऱ्या कोटातली शिकाऊ पोरंपोरी उभी. माझ्या मांडीवर माझी लेक, रोशनी, दहा महिन्यांची. रडायचं पण त्राण नव्हतं तिच्यात.

मी वाचलं. "सहा महिन्यांनंतर बाळास स्तनपानासोबत पूरक आहार द्यावा." कुठं अडखळले नाय.

"आता अर्थ सांग. पूरक म्हणजे काय?"

मला माहीत नव्हतं. आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया खाली बघायला लागल्या. डॉक्टर शिकाऊ पोरांकडं वळून बोलला, "बघा. हिला वाचता येतं, कळत काही नाही. ह्यांची पोरं अशीच जातात." एक पोरगी हसली. मग लाजली असेल, वहीत डोकं घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडीवर पोर जीव सोडायला टेकलेली, आणि इथं माझी परीक्षा चाललेली.

कळत नाही बोलला ना तो? मग मला काय कळलं होतं ते ऐका.

रोशनीला सहा महिने झाले तेव्हा सिस्टर लस द्यायला आली होती. आमचा पाडा सूर्यमाळच्या अंगाला, उंचावर. जीप खालीच राहते, वर चढून यावं लागतं. सिस्टर घामाघूम, तिला पुढचे पाडे गाठायचे होते. मला बोलली, आता नुसतं अंगावर ठेवू नको, वरचं चालू कर. "वरचं खाणं. समजलं?" मी बोलले, "हां."

आमच्यात वरचं कशाला म्हणतात, सांगते. नागलीची नायतर तांदळाची पेज शिजवून ठेवली की घट्ट खाली बसतं. ते तळचं रानात राबणाऱ्याला. वर पाणी राहतं ते वरचं. ते आजाऱ्याला आणि तान्ह्या पोराला, पचायला हलकं म्हणून. माझ्या आईनं मला तेच पाजलं, सासूनं माझ्या नवऱ्याला तेच. मला वाटलं सिस्टर आपल्यातलंच बोलते. खरं सांगते, बरं पण वाटलं, की चला, ही बाई आपली रीत मानते. मी मन लावून पोरीला वरचं पाजलं. सकाळी, दुपारी, मागेल तेव्हा. पोर पाणी पिऊन गप झोपायची. सासू बोलायची, गुणाची पोर आहे, त्रास नाय देत. सिस्टरचं वरचं म्हणजे दुधाच्या जोडीला घट्ट खाणं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि ते हां. आमच्या बोलीत हां म्हणजे तुझा आवाज पोचला, एवढंच. समजलं असा त्याचा अर्थ नाय. आश्रमशाळेत तर ते अंगवळणीच पडलं. सर फळ्यावर लिहायचे, वळून विचारायचे, समजलं का रे? सगळा वर्ग एका आवाजात, हो सर. एकदा एक पोरगी नाय बोलली, तिला तास संपेपर्यंत अंगठे धरायला लावले. मग कोण बोलतंय नाय? मी धडाधडा वाचायचे, सर शाबासकी द्यायचे. वाचलेल्याचा अर्थ इतक्या वर्षांत कोणी विचारला नाय. विचारला तो त्या डॉक्टरनं, पोर मरायला टेकल्यावर.

रोशनी त्याच वॉर्डात गेली. नवरा भिवंडीला बिगारी कामावर होता, तो पोचायच्या आत. खोडाळ्याच्या पुढं रस्ता होता तिथपर्यंत गाडीनं आणली, मग वर पाड्यापर्यंत मी तिला छातीशी धरून चालत आणली. माझं दूध गळत होतं.

पोर गेली की कशानं गेली ते लिहायला साहेब लोक येतात. एक साहेब, एक लिहिणारा, आणि तीच सिस्टर. आम्ही ओट्यावर खाट टाकली. साहेब मवाळ होता. त्यानं विचारलं, सिस्टरनी वरच्या खाण्याचं सांगितलं होतं का? मी बोलले, सांगितलं होतं.

"समजलं होतं ना?"

लिहिणाऱ्याचं पेन तयार. सिस्टर माझ्या तोंडाकडं बघत होती. मागून सासू कुजबुजली, "हां म्हण नि मोकळी हो." आलंच होतं माझ्या ओठावर. आणि तिथंच तळपायाची आग मस्तकात गेली. मी हां बोलले असते तर पोर माझ्या हातानं मेली, असं कायमचं ठरलं असतं.

"नाय," मी बोलले. "नव्हतं समजलं."

उठून घरात गेले. पेजेचं मडकं आणून त्यांच्यापुढं आदळलं. वरचं पाणी वाटीत ओतलं. "हे वरचं. सिस्टर बोलली वरचं दे. मी दिलं."

 सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाईट बाई नाय, पण तिच्या रडण्यानं माझं काय भागणार होतं? साहेब बोलला, अगं, मग तेव्हाच विचारायचं ना. मी बोलले, आपल्याला समजलंय असं वाटत असताना कोण विचारील? विचारायचं तुम्ही होतं. काय देशील, कसं देशील, दाखव मला, असं.

लिहिणारा लिहीतच होता. मला वाचता येतं, उलटा धरलेला कागद पण. 'मातेचे अज्ञान.' मी बोलले, हे खोडा. तो बोलला, रकाना तसाच आहे, दुसरं काय लिहू? मी सही केली नाय. मग त्यांनी सासूचा अंगठा घेतला. तिला विचारलं, "काय लिहिलंय ते समजलं ना, आजी?" सासू बोलली, "हां."

आता सिस्टर येते त्या दिवशी मी कामाला जात नाय. पाड्यातल्या लेकुरवाळ्या बायांना घेऊन पुढं बसते. तिनं काय सांगितलं की बोलते, भांड्यात घेऊन दाखवा. मग एकेकीला सांगायला लावते, तू घरी जाऊन काय करशील. उशीर होतो, सिस्टर कंटाळते. वरचे साहेब बोलतात, हिला कोणीतरी चढवलंय. मला कोणी चढवलं नाय. मी पोर पुरली आहे.

'मातेचे अज्ञान' अजून त्यांच्या कुठल्या तरी कपाटात पडलंय. ते मी खोडायला लावणार, कितीही हेलपाटे पडले तरी. आणि माझ्या जावेचं पोर आता सहा महिन्यांचं होईल. त्या दिवशी सिस्टर येवो, साहेब येवो, नायतर तो डॉक्टर येवो. जावेला नीट कळल्याशिवाय मी त्यांची जीप हलू देणार नाय. चाकापुढं आडवी पडेन, पण हलू देणार नाय.