हाकेचा रकाना

ऑपरेटर बाईंना फोनवरच्या आवाजावरून समोरच्या माणसाचं जेवण झालंय की नाही ते कळायचं. थट्टा करत नाही. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती, त्यामुळे कानाला तसं वळणच पडलं होतं. रविवारी उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर मला गाठायच्या. "काल बोललास तेव्हा उपाशी होतास. बायकोशी भांडलास ना?" म्हणायच्या. मी भांडलेलो असायचो.

निवृत्तीनंतर त्यांनी चर्चचे निरोप पोचवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. कोणी आजारी पडलं, सभेची वेळ बदलली, कोणी गेलं, की बाई वही उघडून बसायच्या आणि एकेका घरी फोन लावायच्या. निरोप दोन वाक्यांचा आणि चौकशी दहा मिनिटांची, असा हिशोब. पुढे मी कमिटीचा सेक्रेटरी झालो आणि आधुनिक व्हायची हौस म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. "बरं झालं, माझा घसा सुटला," असं म्हणत बाईंनी वही कपाटात ठेवून दिली.

त्या ग्रुपने माझी चांगलीच जिरवली. आमच्या एका जुन्या सभासदाच्या निधनाची बातमी मी सकाळी टाकली आणि तासाभरात ती सुप्रभाताच्या गुलाबांखाली गाडली गेली. दफनाला पाळकसाहेब धरून आम्ही चौदाजण होतो. दुसऱ्या दिवसापासून लोक मला धरून विचारू लागले, "कळवलं का नाहीस?" बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी ठरलं की महिन्याचं पत्र आणि महत्त्वाचे निरोप ई-मेलने पाठवायचे, आणि त्यासाठी एखादं नीट सॉफ्टवेअर घ्यायचं. निवड करायला तिघे नेमले: पाळकसाहेब, मी आणि बाई. बाईंचं नाव मानापोटी घातलंय अशी माझी समजूत होती. आयटीत काम करणाऱ्या माणसाच्या अशा बऱ्याच समजुती असतात.

बाईंची निवडीची पद्धत वेगळी होती. "सॉफ्टवेअर मागाहून बघू. आधी फोन कोण उचलतं ते बघू." असं म्हणून त्यांनी प्रत्येक कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. एका कंपनीच्या यंत्राने त्यांना एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा करत चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. तेवढ्या वेळात बाईंनी किलोभर वाटाणे सोलले. मग कोणीतरी फोनवर आला तेव्हा त्याला शांतपणे म्हणाल्या, "बाळा, मी कोणाला इतका वेळ होल्डवर ठेवलं असतं ना, तर मला घरी बसवलं असतं." ती कंपनी बाद झाली. सॉफ्टवेअरची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडी बसत नसत, म्हणून त्या चिन्हाच्या रंगावरून बोलायच्या. शेवटी उरली दोन, निळं आणि हिरवं. माझा जीव निळ्यावर होता, कारण ते दिसायला झकास होतं.

दोन्ही सॉफ्टवेअर तीन महिने वापरून बघायची ठरली. पहिल्याच पत्रात मी माती खाल्ली. नावं मी चर्चच्या रजिस्टरातून जशीच्या तशी उतरवली होती, आणि रजिस्टरात प्रत्येक नावाआधी श्री. नाहीतर सौ. असतं. सॉफ्टवेअरने पहिला शब्द म्हणजे नाव असं धरलं. शनिवारी सकाळी चर्चच्या समस्त बायकांना पत्र पोचलं, "प्रिय सौ.,". पुरुषांना "प्रिय श्री.,". पाळकसाहेबांना "प्रिय रेव्ह.,". मला तोंड लपवायला जागा उरली नाही आणि बाई टेबलाला धरून हसत होत्या.

हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "नुसतं नाव घातलंस तरी चुकेल रे. थॉमसला थॉमस कोण म्हणतं? सगळे दादूस म्हणतात. ज्याला जी हाक, ती घाल." मग आम्ही यादीत एक नवा रकाना उघडला आणि त्याला नाव दिलं 'हाक'. चार रविवार दुपारी बाई सांगत होत्या आणि मी टाइप करत होतो. दादूस, मोठी मामी, मास्तर, बँकवाले काका. एकीच्या नावाशी थांबून म्हणाल्या, "हिला मिसेस म्हण. हिला तेच आवडतं." सहाशे चाळीस माणसं, आणि वहीचं पान एकदाही उलटलं नाही. मी थक्क झालो होतो, आणि ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

तीन महिने झाले आणि निळ्याने सल्ला दिला: एकशे चाळीस जणांनी एकही पत्र उघडलेलं नाही, त्यांना काढून टाका. काढले की आपण मोफतच्या मर्यादेत बसत होतो, शिवाय बाकीची पत्रं स्पॅममध्ये जायची भीतीही कमी. मी तसं कमिटीपुढे मांडलं. माना डोलल्या.

"एकशे चाळीस माणसं कमी करायची?" बाईंनी विचारलं.

"माणसं नाही हो बाई, नावं. ते पत्र उघडतच नाहीत."

"समोरून आवाज आला नाही म्हणून मी कधी लाइन तोडली नाही रे. आधी विचारायचं, ऐकू येतंय का म्हणून."

त्यांनी ती यादी माझ्या हातातून घेतली आणि पंधरा दिवस मागून घेतले. सगळ्यांना फोन केले. बावीस पत्ते मीच चुकीचे टाइप केले होते, हे त्यांनी कमिटीसमोर न सांगता मला बाजूला घेऊन सांगितलं. कोणाचा मोबाइल बिघडला होता, कोणाला उघडायचं कसं तेच माहीत नव्हतं. गोवंडीचे एक गृहस्थ बायको गेल्यापासून चर्चला फिरकले नव्हते. ते बाईंना म्हणाले, "सगळी पत्रं ठेवलीयत. उघडलं की वाचावं लागेल, आणि वाचलं की यावंसं वाटेल. अजून धीर होत नाही. पण पाठवणं बंद करू नका."

बाईंनी हे वाक्य सभेत जसंच्या तसं सांगितलं आणि खाली बसल्या. निळ्याच्या बाजूने एकही हात वर झाला नाही, माझासुद्धा नाही. हिरव्याला नावांची मर्यादा नव्हती, ते फक्त किती पत्रं जातात तेवढंच मोजायचं. आम्ही हिरवं घेतलं. एकही नाव कमी झालं नाही.

आता मुलुंड, घाटकोपरच्या चर्चमधली मंडळी विचारायला येतात, तुमचं सॉफ्टवेअर कुठलं? मी सांगतो, आणि मग हाकेचा रकाना उघडून दाखवतो. आमच्या बाईंनी केलाय, असं म्हणताना माझी छाती फुगते. फुगू दे.

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि मुलाने त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. सभासदत्व तिकडच्या चर्चला लावायचा अर्ज घेऊन त्या ऑफिसात आल्या. "नियमाप्रमाणे यादीतून माझं नाव काढ."

"रजिस्टरातून काढतो. पत्राच्या यादीतून काढणार नाही."

मी यादी उघडून त्यांची ओळ शोधली. हाकेचा रकाना रिकामा होता. सहाशे एकोणचाळीस जणांच्या हाका सांगताना त्या स्वतःची सांगायची विसरल्या होत्या, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं. इतके दिवस त्यांना पत्र जात होतं ते नुसतं "प्रिय" आणि पुढे स्वल्पविराम.

"ऑपरेटर बाई लिहू?" मी विचारलं.

"नको. ते काम झालं." मग अर्ज माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "एस्तू लिही. आई म्हणायची. नंतर हे म्हणायचे. आता कोणी म्हणत नाही."

मी लिहिलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांबरोबर नाशिकलाही पत्र गेलं, "प्रिय एस्तू,". कोणी पत्र किती वेळा उघडलं ते हिरव्यात दिसतं. नाशिकचं पत्र त्या एका दिवसात अकरा वेळा उघडलं गेलं होतं.